तलाव शर्यतीत नव्हता

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला मी नाव नोंदवलं ते एका फोटोवरून. फोटोत कासचा तलाव होता. चारी बाजूंनी गर्द झाडी, पाण्यावर ढग उतरलेले. आमच्या रनिंग ग्रुपवर कोणीतरी तो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'सप्टेंबरमध्ये इथं पळायचं.' मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसल्या बसल्या पैसे भरून टाकले. रूट मॅप उघडून पाहिला तो दोन आठवड्यांनी. शर्यत साताऱ्याच्या पोलीस परेड ग्राउंडवरून निघते, शहरातून समर्थ मंदिराच्या दिशेने जाते, यवतेश्वरचा घाट चढते आणि कास रस्त्यावर साडेदहा किलोमीटरच्या आसपास वळून त्याच वाटेने खाली येते. तलाव साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. म्हणजे ज्याच्यासाठी मी नाव दिलं, तो तलाव शर्यतीत नव्हताच.

हे पप्पांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "मग दुसऱ्या दिवशी जाऊ. मला बी पाहायचाय तो."

पप्पांना कासचा तलाव का पाहायचा होता, हे सांगायचं तर त्यांचं काम सांगावं लागेल.

पप्पा छत्रपती संभाजीनगरच्या पाणीपुरवठ्यात लाइनमन होते. तीसेक वर्षं. ठरलेल्या वेळी ठरलेल्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि ठरलेल्या वेळी बंद करायचा, एवढंच काम. पण मी ज्या शहरात लहानाची मोठी झाले तिथं नळाला रोज पाणी येत नाही. कित्येक वस्त्यांत दोन पाण्यांच्या मध्ये आठवडा जातो. अशा शहरात लाइनमन हा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो. पाणी आलं की चहा मिळतो, नाही आलं की शिव्या. रात्री दोनला कोणाचा तरी फोन यायचा आणि पप्पा लोखंडी चावी लुनाला बांधून निघायचे.

आमचं पाणी येतं पैठणच्या नाथसागरातून. धरण खाली आणि शहर वर, फरक शंभर मीटरहून जास्त. जायकवाडीला उचललेलं पाणी ढोरकीन, फारोळा असं करत पंपांनी ढकलत नक्षत्रवाडीच्या टेकडीवर आणायचं आणि तिथून शहरात सोडायचं. वीज गेली की पाणी गेलं. लहानपणी पप्पा आम्हाला पाणचक्की दाखवायला न्यायचे, ते चक्की दाखवायला नाही. उंच भिंतीवरून हौदात पडणाऱ्या पाण्याकडे बोट करून म्हणायचे, "याला मोटर नाही." हर्सूलच्या बाजूच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून निव्वळ उतारावर आणलेलं. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहराला असंच नहरीचं पाणी दिलं होतं. आता आपण तेच पाणी वीज जाळून वर चढवतो, याचं पप्पांना फार वाईट वाटायचं. साताऱ्याला कासच्या तलावाचं पाणी ब्रिटिश काळापासून उतारानेच शहरात येतं, हे त्यांनी कधीतरी कोणाकडून ऐकलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात राहिलं होतं.

तर शर्यत माझी आणि तलाव त्यांचा, असं ठरलं.

पळायला मी चोविसाव्या वर्षी लागले. नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, नऊ किलो वाढले होते आणि पाठ दुखत होती. यात काही विशेष नाही, आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांची गोष्ट हीच आहे. पहिले सहा महिने विद्यापीठाच्या आवारात पळाले. तिथं पहाटे माणसं असतात, लेण्यांच्या बाजूला थोडा चढही मिळतो. लांब पळायचं म्हटलं की मात्र शहराबाहेर जावं लागायचं. पहाटे साडेचारला एकट्या मुलीने दौलताबादच्या रस्त्याला लागायचं यावर आईचं एका वाक्यात उत्तर होतं, "डोकं फिरलंय का?" पप्पा काही बोलले नाहीत. रविवारी रात्रपाळी करून घरी आले, चावी सोडून ठेवली आणि लुना परत रस्त्यावर काढली. "चल," म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षं जवळजवळ प्रत्येक रविवारी मी पुढे आणि लुना मागे. लुनाचा पिवळा उजेड माझ्या पाठीवर पडायचा आणि माझी सावली माझ्यापुढे वीस फूट लांब पळायची. कुत्री भुंकत आली की पप्पा हॉर्न वाजवायचे. बाइकवरची पोरं जवळ येऊन वेग कमी करायची, मागे लुना दिसली की निघून जायची. एकदा श्रावणातल्या शुक्रवारी रात्री निघालो, तर सगळा रस्ता माणसांनी भरलेला. खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेले लोक. पंचवीसेक किलोमीटर, कोणी अनवाणी, कोणी चपला हातात घेऊन. कोणाच्या मनगटावर घड्याळ बघण्याची घाई नाही. पप्पा म्हणाले, "हे बघ, यांना कोणी मेडल देत नाही."

दौलताबाद किल्ल्याच्या तटबंदीतल्या दरवाजातून रस्ता जातो. तो ओलांडला की थोड्याच वेळात घाट लागतो. पहिल्यांदा तो घाट मी सपाट रस्त्याच्या वेगाने चढायला घेतला आणि दुसऱ्या वळणावर कठड्याला धरून ओकले. पप्पांनी लुना स्टँडवर लावली, पाणी दिलं आणि म्हणाले, "लाईन फोडलीस."

मग त्यांनी मला व्हॉल्व्हबद्दल सांगितलं. मोठ्या लाईनचा व्हॉल्व्ह कधी एकदम उघडायचा नाही आणि एकदम बंद तर अजिबातच करायचा नाही. आत धावत असलेल्या पाण्याला अचानक अडवलं की ते थांबत नाही, पाइपावर घणासारखं आदळतं. आमच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला वॉटर हॅमर म्हटलं होतं आणि त्यावर मला पाच मार्कांचा प्रश्न आला होता. पप्पांनी तो पाइप फुटताना पाहिला होता. "पाव फेरा द्यायचा, थांबायचं, कान लावून ऐकायचं, मग पुढचा पाव. चढ आला की आणखी हळू. लाईन जिथं उंच जाते तिथं हवा अडकते, ती आधी बाहेर निघू द्यायची. नवा पोरगा असला की घाई करतो."

त्या घाटात मी पाव-पाव फेऱ्याने पळायला शिकले. पावलं छोटी, श्वास बोलता येईल इतकाच, वेग घड्याळाने नाही तर श्वासाने ठरवायचा. खुलताबादहून म्हैसमाळ बारा किलोमीटर आहे. तोही रस्ता एकदा जाऊन-येऊन केला. म्हैसमाळची उंची १०६७ मीटर, म्हणजे यवतेश्वरच्या वरच्या रस्त्याच्या जवळपास. सराव म्हणून याहून चांगली जागा आमच्याकडे नाही.

मार्चमध्ये पप्पांच्या छातीत दुखायला लागलं. पित्त म्हणून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी एक स्टेंट बसवावा लागला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण सपाटीवर. चढ, जिने, ओझं सध्या नको. निवृत्तीला काही महिने उरले होते ते रजेत गेले. लुना जिन्याखाली उभी राहिली. मी रविवारी सिडकोतल्या पाच-सहा जणांच्या ग्रुपबरोबर जायला लागले. सगळे चांगले होते, मला सांभाळून घ्यायचे. पण माझी सावली आता पुढे पळत नव्हती. हेडलॅम्पच्या उजेडात पाय तेवढे दिसायचे.

शर्यतीला पप्पा येणार यावर आई दोन दिवस बोलली नाही. मग तिने गोळ्यांची डबी सकाळ-संध्याकाळ लिहून माझ्या बॅगेत ठेवली. मी कबूल केलं होतं की ते मैदानात खुर्चीवर बसून राहतील आणि कुठेही चढणार नाहीत. पप्पांनीही कबूल केलं होतं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. लडाख मॅरेथॉनही त्याच वर्षी सुरू झाली आणि कासचं पठार युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं तेही त्याच वर्षी. साताऱ्याच्या शर्यतीने २०१५ मध्ये, एकाच डोंगरावर एका वेळी सगळ्यात जास्त धावपटू, असा गिनीज विक्रम केला. अडीच हजारांहून जास्त माणसं त्या घाटात पळाली होती. आमच्या ग्रुपमध्ये लेहचं स्वप्न सगळ्यांनाच पडतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश राहतो, म्हणून लोक शर्यतीच्या काही दिवस आधी जाऊन नुसते राहतात, शरीराला सवय करून देतात. साताऱ्याला हे कारण नाही. शर्यतीतली सगळ्यात उंच जागा अकराशे मीटरच्या आसपास, तिथं दम लागला तर हवा विरळ आहे असं म्हणता येत नाही. तिथं दम चढाने लागतो आणि चढाने लागलेला दम बहुतेक वेळा आपल्याच चुकीचा असतो.

माझा तरी होता.

पहाटे भुरभुर पाऊस होता. पप्पांना मैदानात एका खुर्चीवर बसवलं, छत्री दिली, थर्मास दिला. "नऊच्या आधी येते," म्हणाले. दोन तास तीस मिनिटांत संपवायचं ठरवलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सातारकर उभे होते. ढोल-ताशे होते, लहान पोरं टाळ्या द्यायला हात पुढे करत होती, म्हाताऱ्या बायका दारात उभ्या राहून आपल्याच घरचं कोणी चाललंय असं बघत होत्या. इतक्या लोकांनी मला पळताना कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे पहाटे मला पाहायला कुत्री आणि पप्पा. मी पळत सुटले. शहरातला तो रस्ता सपाट वाटतो, पण समर्थ मंदिरापर्यंत तो हळूहळू चढतच असतो. घड्याळ सांगत होतं की पहिले तीन किलोमीटर मी ठरवल्यापेक्षा मिनिटभर वेगाने काढलेत. मला वाटलं, आज जमून आलंय.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर लाईन फुटली. छाती भरून आली, मांड्या जड झाल्या, हृदयाचे ठोके १८६. थांबले. शेजारून माणसांचा लोंढा जात होता. पाव फेरा, मी स्वतःला म्हणत होते, पण आता पाव फेऱ्याचा उपयोग नव्हता, पाणी आधीच सोडून बसले होते. मग चालायला लागले. पन्नाशीच्या एक काकू सलवार-कमीजवर शर्यतीचा टी-शर्ट घालून बारीक बारीक पावलांनी पळत माझ्या बाजूला आल्या. त्यांचा पळण्याचा वेग आणि माझा चालण्याचा वेग जवळपास सारखाच होता. "थांबू नको गं," त्या म्हणाल्या, "त्या दिव्याच्या खांबापर्यंत पळ, पुढच्या खांबापर्यंत चाल." आणि पुढे निघून गेल्या. मी त्यांचा पिवळा टी-शर्ट धुक्यात दिसेनासा होईपर्यंत खांब मोजत राहिले.

वर पोचल्यावर धुकं क्षणभर फाटलं. त्या रस्त्यावर एका बाजूला कण्हेर धरणाचं पाणी दिसतं आणि दुसऱ्या बाजूला उरमोडीचं. मला एकच बाजू दिसली, खाली खोल, करड्या पत्र्यासारखं पाणी. मग ढग पुन्हा मिटले. वळणाच्या जागी एका पोराने हातावर केळं ठेवलं आणि म्हणाला, "आता उतारच आहे ताई, संपलंच."

हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं असेल त्याने घाट उतरला नसणार. चढताना स्नायू आखडत आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन अडवून धरतो, प्रत्येक पावलाला ब्रेक. स्नायूतले धागे खरे तुटतात ते या ब्रेकने, म्हणून घाटाच्या शर्यतीनंतर दोन दिवस जिना उतरता येत नाही. हे सगळं मी वाचलं होतं. पण चढावर पाय संपवून आलेल्या माणसाला वाचलेलं कळून उपयोग नसतो. दोनदा मांडीत गोळा आला. रस्त्याच्या कडेला बसून पाय चोळले. पाउचमधल्या फोनमध्ये पाणी गेलं होतं, तो बंद पडला होता. घड्याळात नऊ वाजून गेले. आता माझ्या मागे फारशी माणसं नव्हती.

समर्थ मंदिराच्या अलीकडे कोपऱ्यावर एक माणूस छत्री धरून उभा होता. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. शंभर पावलांवरून मला ती उभं राहण्याची पद्धत कळली. गल्लीत व्हॉल्व्ह उघडून पाणी कुठवर पोचलं हे पाहताना पप्पा तसेच उभे राहतात, एक खांदा खाली सोडून.

मला बरं वाटायला हवं होतं. मी चिडले.

"पप्पा, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"सपाटच आहे की हा रस्ता."

"सपाट नाहीये! मी आत्ता पळालेय यावरून. तुम्ही खुर्चीवर बसणार होतात!"

त्यांनी बाटलीचं झाकण काढून माझ्या हातात दिली. चेहरा घामाने डबडबला होता, का पावसाने, ते कळेना. "फोन लागंना," म्हणाले. "टेलच्या घराला पाणी यायला उशीर होतो. मग जाऊन पाहावं लागतं."

टेलचं घर म्हणजे लाईनच्या अगदी शेवटचं. सगळ्यांची भांडी भरली की तिथं पाणी पोचतं, कधी पोचतही नाही. त्या घरात बादली लागल्याशिवाय पप्पा व्हॉल्व्ह बंद करायचे नाहीत आणि त्यावरून पुढच्या गल्लीशी भांडणं व्हायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं.

रस्ता शर्यतीसाठी बंद होता, रिक्षा मिळणार नव्हती. "तुम्ही हळू या. उतारच आहे. दम लागला तर बसा," म्हणाले आणि उरलेले अडीच-तीन किलोमीटर काढले. तीन तास चार मिनिटं. कोणीतरी गळ्यात मेडल घातलं, नाश्त्याची पिशवी दिली. मी त्याच खुर्चीवर जाऊन बसले जिच्यावर पप्पांना बसवलं होतं. थर्मास तिथंच होता, न उघडलेला.

पप्पा यायला पन्नास मिनिटं लागली.

त्या पन्नास मिनिटांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. फोन बंद. पाय उठू देत नव्हते. मैदान रिकामं होत होतं, मंडप सोडायला सुरुवात झाली होती. एक अँब्युलन्स सायरन न वाजवता आत आली आणि मी उभी राहिले, ती नुसती पार्किंगला आली होती. मी डोक्यात हिशोब करत होते. तीन किलोमीटर, सपाटीवर त्यांना पंचेचाळीस मिनिटं लागतात, म्हणजे अजून उशीर झालेला नाही. पुन्हा तोच हिशोब. प्रत्येक छत्रीकडे बघत होते. दोन वर्षं दर रविवारी ते माझ्या मागे लुनावर होते, त्याआधी रात्रभर जागलेले असायचे, आणि मी कधी एकदा मागे वळून पाहिलं होतं का, आठवेना. मागून आवाज येत असला की वळून पाहायची गरज पडत नाही.

ते आले तेव्हा हातात कंदी पेढ्यांचा पुडा होता. वाटेत दुकान उघडलं होतं म्हणे.

सोमवारी आम्ही बामणोलीची एसटी पकडली. तोच घाट, पण खिडकीतून. ज्या वळणावर मी थांबले होते ते पप्पांना दाखवलं. "इथं व्हय," म्हणाले, जणू गळतीची जागा सापडली. पठारावर फुलं यायला लागली होती, सोनकी, तेरडा, पांढरे गेंद. लोक ओणवे होऊन फोटो काढत होते. पप्पांनी खिडकीतूनच पाहिलं. त्यांना पुढे जायचं होतं.

तलाव फोटोत होता तसाच होता. झाडी, ढग, स्थिर पाणी. गेल्या काही वर्षांत शहराची गरज वाढली म्हणून बांधाची उंचीही वाढवली आहे. काठाने आम्ही थोडं चाललो, अगदी सावकाश, कारण दोघांपैकी कोणालाच भरभर चालता येत नव्हतं. मी उंचीचा हिशोब केला. इथून सातारा शहर चारशे मीटरच्या आसपास खाली. म्हणजे जवळपास तेवढंच, जेवढं मी काल चढले-उतरले.

"बघा पप्पा," मी म्हणाले, "नुसतं सोडून द्यायचं, पाणी आपलं आपण जातं. मोटर नाही, वीज नाही."

मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांनी पाण्याकडे बघत मान हलवली. "आपलं आपण कसं जाईल? चारशे मीटरचा दाब कोणती लाईन सोसंल? मधे मधे टाकी बांधून दाब तोडावा लागतो. थांबवत थांबवत उतरवावं लागतं." थोडं थांबून म्हणाले, "मी आपला चढवायचंच अवघड समजत होतो."

मग बराच वेळ ते बांधाकडे बघत राहिले. कामावर असताना बघायचे तसेच, एक खांदा खाली सोडून. मी त्यांचा फोटो काढला. त्यात तलाव अर्धाच आलाय.

परत रस्त्यावर यायला सात-आठ पायऱ्या उतरायच्या होत्या. माझ्या मांड्या वाकत नव्हत्या, म्हणून मी कठड्याला धरून उलटी, पाठमोरी उतरत होते. पप्पा वरच्या पायरीवर, तोच कठडा धरून, एक पायरी उतरून थांबत होते. मागून आलेल्या पोरांचा एक घोळका आमच्यासाठी थांबला. मी त्यांना पुढे जायला सांगितलं.

"पाव फेरा," पप्पा म्हणाले.

एसटीला अजून वेळ होता.